बसण्याचा ठराव

द ब्रॉन्क्स, रविवार दुपार

प्रिय फाउस्तो,

तू फोन उचलत नाहीस, त्यामुळे आशीर्वादही मागत नाहीस. तेव्हा न मागताच देते. देव तुझं भलं करो, तुझी साखर आटोक्यात ठेवो, इवेतची कंबर सरळ करो आणि तुमच्या फ्लोरिडातल्या घरामागच्या तळ्यातली ती मगर (मी मागच्या नाताळात पाहिली होती, इवेत म्हणाली तो ओंडका आहे, ओंडके डोळे मिटत नाहीत) तळ्यातच ठेवो. माझी तब्येत विचारशील तर रक्तदाब औषधाने खाली आहे आणि गुडघे होते तसेच आहेत. गुडघ्यांचा विषय या पत्रात पुन्हा येणार आहे, कारण तुझा सगळा बेत त्यांच्यावरच उभा होता.

राधामेसने तुला फोन करून सगळं सांगितलं असेलच. पण तो तुझा मॅनेजर आहे, आणि मॅनेजर मालकाला जे सांगतो ते मालकाच्या जिभेला सोसेल इतपतच तिखट करून सांगतो. म्हणून माझ्याकडून ऐक. गुरुवारी संध्याकाळी आपल्या वस्तीच्या बोर्डाने तुझ्या सुपरमार्केटातल्या कामगारांच्या बाजूने ठराव केला. त्यांना युनियन करायचा हक्क आहे, त्यात मालकाने पाय घालू नये, आणि कॅशवरच्या नोएमीला काढलंस ते चूक आहे, तिला परत घे, असं त्यात लिहिलंय. मी या ठरावाला मत दिलेलं नाही. मी नुसती बसले होते. तरी तो माझ्यामुळे झाला असं सगळी वस्ती म्हणते, आणि आपली वस्ती पार्किंग सोडून दुसऱ्या कुठल्याही विषयावर आजवर एकमताने बोललेली नाही.

आमच्या बोर्डाला तू पहिल्यापासून हसत आलास. तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही. पन्नास माणसं, बिनपगारी, महिन्यातून एकदा शाळेच्या जेवणघरात जमायचं, पोरांच्या उंचीच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचं आणि कुठल्या हॉटेलला दारूचा परवाना द्यावा, सायकलींचा पट्टा कुठून न्यावा, कुठल्या कोपऱ्याला कुठल्या मयताचं नाव द्यावं यावर कडाकडा भांडायचं. शेवटी जे ठरतं तो फक्त सल्ला. शहर तो सल्ला मेव्हण्याच्या सल्ल्यासारखा ऐकून घेतं, म्हणजे मान हलवतं आणि जेवायला बसतं. हे सगळं मला मान्य आहे. पण फाउस्तो, ज्याच्या हातात काही नसतं त्याच्यापाशी लोक येऊन मन मोकळं करतात. तुझ्या हातात सगळं आहे, तर तुझ्याशी कोण काय बोलतं? राधामेस बोलतो, आणि तोही नुसतं हो म्हणतो.

आता त्या क्रेटची गोष्ट. तुला ती माहीत आहे असं तू म्हणशील, पण तू तिकडे मगरीशेजारी बसून इकडे दुकान चालवतोस, उंटावरून शेळ्या हाकतोस, त्यामुळे तुला शेळ्यांचे पाय दिसत नाहीत. नोएमी तीन नंबरच्या कॅशवर असायची. डाव्या भुवईत तीळ, हसताना तोंडावर हात. दुकान उघडल्यापासून ती तिथे उभी आहे, आणि मी उभी म्हणते तेव्हा उभीच म्हणते, कारण तुझ्या कॅशवर बसायला काही नाही. संध्याकाळी तिचे घोटे बघायचे म्हणजे दुधात भिजलेला पाव बघायचा. उद्या कुठल्या पाळीला यायचं ते आदल्या संध्याकाळी मेसेजवर कळणार, आजारी पडली तर पाळी दुसरीला जाणार, हेही आहेच. पण भांडण तिथून सुरू झालं नाही. एके दिवशी गर्दी ओसरल्यावर तिने मागून दुधाचा एक रिकामा क्रेट आणला, पालथा घातला आणि त्यावर बसली. राधामेसने तो उचलून नेला. दुसऱ्या दिवशी चारही कॅशवर चार क्रेट. तेव्हा त्याने नियम काढला की कॅशवर बसलेली बाई गिऱ्हाइकाला आळशी दिसते. (मी गिऱ्हाईक आहे. तुझ्या दुकानात मला आजवर आळशी दिसलेली एकच गोष्ट आहे, तो आपोआप उघडणारा दरवाजा.)

त्यानंतर त्या बायका पलीकडच्या कपडे धुण्याच्या दुकानात जमायला लागल्या. तिथली यंत्रं इतका आवाज करतात की राधामेस दाराबाहेर उभा राहिला तरी त्याला काही ऐकू येत नाही. मटण कापणारी माणसं आली, माल लावणारी पोरं आली, युनियनवाले आले, आम्हाला युनियन हवी अशा कार्डांवर सह्या झाल्या. आणि सगळ्यांना गोळा करणारी नोएमी, म्हणून तू तिला काढलंस. कारण काय दिलंस, तर दुकानाची मालमत्ता परवानगीशिवाय वापरली. म्हणजे क्रेट. फाउस्तो, मी तो क्रेट डोळ्यांनी पाहिला आहे. त्यावर डेअरीचं नाव छापलंय आणि खाली लिहिलंय की डेअरीशिवाय दुसऱ्या कुणी हा वापरला तर तो गुन्हा आहे. तुझे सगळे अवाकादो, कच्च्या केळ्यांचे सगळे घड आणि तुझ्या ऑफिसातला टीव्ही अशाच क्रेटांवर ठेवलेला आहे. मालमत्तेवरून माणूस काढायचा तर पहिला नंबर तुझा लागतो. त्यात कामगारांचं युनियनसाठी मतदान या महिनाअखेरीला, आणि तू नोएमीला आधीच बाहेर काढलंस, म्हणजे बाकीच्यांनी धडा घ्यावा. त्यांनी घेतला, पण दुसराच घेतला आणि बोर्डाकडे आले.

बुधवारी तुझा फोन आला. किती गोड बोललास. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी, मग औषधांची, मग म्हणालास, "ताई, मी तुझा भाऊ, त्यामुळे या ठरावावर तुला मत देता येत नाही, नियमच आहे तसा. मग त्या पोरांच्या बाकावर बसून करणार काय? नऊ वाजले की गुडघे दुखतात म्हण आणि ऊठ, घरी जा, पाय वर घेऊन पड." मला वाटलं, बघा, मुलगा मोठा झाला, बहिणीचे गुडघे कळायला लागले. फोन ठेवून मी तुझ्यासाठी मेणबत्तीसुद्धा लावली. मेणबत्ती अर्धी झाली तेव्हा मला प्रश्न पडला की नऊच का. साडेआठला माझे गुडघे दुखत नाहीत?

म्हणून मी पिटमनसाहेबांना फोन केला. ते आमचे अध्यक्ष. आयुष्यभर टपाल खात्यात होते, आणि नियमांचं पुस्तक त्यांना असं पाठ आहे की दुसऱ्याने चुकीचं पान उघडलं तर ते त्याला दुरूनच सांगतात. मी विचारलं, मला मत नाही तर मी यायचं की नाही? ते म्हणाले, "बाई, तुम्हाला मत नाही, पण बोलता येतं. आणि जोवर खुर्चीत आहात तोवर तुम्ही हजर. मत मोजलं जात नाही, डोकं मोजलं जातं." पन्नासांपैकी सव्वीस डोकी जागेवर असली तरच कोरम, आणि कोरम नसेल तर मत घेताच येत नाही. हेही त्यांनीच सांगितलं, आणि खालच्या आवाजात सांगितलं की डॉनेलीबाई आपल्या माणसांना घेऊन नऊच्या सुमारास सभेतून उठणार आहे अशी कुणकुण आहे. (डॉनेलीबाई म्हणजे बोर्डावरची ती जागांची दलाल, जिने तुला दुकानाची जागा मिळवून दिली आणि दुसऱ्या दुकानाची शोधते आहे. तुझ्या माहितीसाठी सांगत नाहीये, मला माहीत आहे हे तुला माहीत असावं म्हणून सांगते.) ती आणि तिची माणसं गेली की सव्वीस उरतात. मी गेले की पंचवीस. तुला माझ्या गुडघ्यांची काळजी नव्हती, तुला माझं डोकं बाकावरून उठवायचं होतं. मी मेणबत्ती फुंकली आणि रागाच्या भरात सगळा फ्रिज धुऊन काढला. तुझ्यामुळे माझ्या घरात चांगलं झालेलं तेवढंच.

गुरुवारी मी वेळेआधी गेले. दारातच राधामेस. पाहते तर लांबच लांब टेबलावर खिमा भरून तळलेल्या पास्तेलितोंचे ट्रे आणि चिनोला फळाच्या आंबटगोड सरबताच्या दोन भल्यामोठ्या बरण्या, वर कागद चिकटवलेला: दुकानातर्फे सप्रेम. तू चिनोला मुद्दाम पाठवलास असं मी म्हणत नाही. (म्हणते.) बर्फ घातलेल्या चिनोलापुढे मी माणसात राहत नाही हे जगात दोन माणसांना माहीत होतं, त्यातला एक माझा नवरा, देव त्याला शांती देवो, आणि दुसरा तू. मी एक पेला घेतला. मग मीठ जास्त झालेला एक पास्तेलितो खाल्ला, म्हणून दुसरा पेला. मग पिटमनसाहेब बेकरीच्या वाइनच्या परवान्यावर बोलायला लागले आणि ते इतकं कोरडं होतं की तिसरा घेतला. पुढे कचऱ्याच्या नव्या पेट्यांनी पार्किंगच्या जागा खाल्ल्या त्यावर जे महाभारत झालं त्यात मी किती प्यायले ते मोजलं नाही.

मग नोएमीची पाळी आली. बाहेरच्या माणसाला दोन मिनिटं मिळतात. पिटमनसाहेबांकडे त्यासाठी स्वयंपाकघरातलं घड्याळ आहे, टोमॅटोच्या आकाराचं, आणि ते पिळलं की टिकटिकायला लागतं. ती पुढे येऊन उभी राहिली. तू घाबरट म्हणतोस तिला, पण माइक हातात घेऊन तिने सगळीकडे एकदा शांतपणे पाहिलं. ती कशी आणि किती वेळ उभी असते ते तिने सांगितलं, क्रेटचं सांगितलं, तिच्या धाकट्या मुलीने विचारलं की आई तू चोर आहेस का, तेही सांगितलं. टोमॅटो वाजला. पिटमनसाहेब नेहमीच्या सवयीने म्हणाले, "धन्यवाद बाई, बसा आता, बसा." सगळं जेवणघर हसलं. नोएमी हसली नाही. ती म्हणाली, "साहेब, हेच मला कामावर असताना कुणीतरी म्हणायला हवं होतं." आणि जाऊन बसली.

मी हात वर केला. मी मालकाची बहीण आहे, मला मत नाही, असं आधी सांगितलं, म्हणजे नियम पाळला. मग म्हटलं, "या दुकानाच्या पाटीवर माझ्या भावाचा फोटो आहे, तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय, खाली लिहिलंय की आमच्याकडे हसतमुखाने सेवा मिळेल. त्याचे दात बघा. लहानपणी ते दात इतके पुढे होते की तो तोंड मिटून कणीस खायचा. आमचे बाबा इस्पितळाच्या धोबीखान्यात होते. त्यांच्या युनियनच्या विम्यातून त्याच्या दातांना तार बसली. ते हसू आमचं नाही, युनियनचं आहे. दुसऱ्याचं सामान विचारल्याशिवाय वापरल्याबद्दल कुणाला काढायचंच असेल, तर पाटीवरून सुरुवात करा." टाळ्या पडल्या. तुझी चेष्टा केली म्हणून तू रागावशील. रागाव. पण बाबांच्या खांद्यावर बसून, पत्र्याचा डबा वाजवत, त्या इस्पितळाच्या दारात ओरडत होतास तो तूच होतास, आणि बाबा संपावर होते तेव्हा तुला कुणी खाली उतर म्हटलं असतं तर तू त्याला चावला असतास. वाकड्या दातांनी.

डॉनेलीबाईने आधी ठराव समितीकडे पाठवायची सूचना मांडली. (समितीकडे पाठवणं म्हणजे आपल्याकडे रोग्याला तालुक्याच्या दवाखान्यात पाठवणं. परत येत नाही.) ती सूचना पडली. तेव्हा ती उठली, कोट घातला, आणि तिच्याबरोबर तिची सगळी माणसं उठली, कोट, छत्र्या, पिशव्या, असा देखावा की जणू घराला आग लागली आहे पण शिष्टाचार पाळायचेत. दारापाशी जाऊन ती थांबली आणि वळून माझ्याकडे पाहायला लागली. राधामेसही पाहायला लागला. पिटमनसाहेबांनी बोट नाचवत डोकी मोजली, पुन्हा मोजली, आणि म्हणाले, "सव्वीस. कोरम आहे. कृपा करून कुणीही जागा सोडू नये."

नेमक्या त्या क्षणी चिनोला बोलायला लागला.

मी सभ्य घरातली बाई आहे, जास्त वर्णन करणार नाही. इतकंच सांगते की असा प्रसंग तुझ्या शत्रूवर येऊ नये, मग या घटकेला तुझी शत्रू मीच असले तरी. मी पायावर पाय टाकला. पोरांच्या बाकावर तोही टाकता येत नाही, गुडघा टेबलाच्या खालच्या बाजूला लागतो आणि सगळे पेले हलतात. तेवढ्यात पर्समध्ये तुझा फोन वाजायला लागला. आवाज बंद होता पण पर्स टेबलावर, टेबल पत्र्याचं, त्यामुळे एखादी बोट यावी तसा धडधडाट. तू पुन्हा पुन्हा लावत होतास. शेजारच्या ओवुसूमहाशयांनी (ते घानाच्या चर्चचे वडीलधारे, फार भला माणूस) कानाशी वाकून सांगितलं की कुणाच्या तरी घरी काही झालं असावं. मी म्हटलं, हो, भावाच्या घरी काहीतरी होतंय, होऊ दे. दारातून राधामेस अत्यंत प्रेमाने हाताने खूण करायला लागला की बाई, स्वच्छतागृह इकडे आहे हो, इकडे, डावीकडे. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हात खिशात घातले.

सरळ मत घेतलं असतं तर निभावलं असतं. पण त्याच भल्या ओवुसूमहाशयांना ठरावाच्या पहिल्या ओळीत एक स्वल्पविराम खटकला. त्यांचं म्हणणं, स्वल्पविरामाने माणसाच्या आत्म्याला श्वास मिळतो. दुसरे कुणी म्हणाले, श्वास नको, अर्धविराम हवा. मी आजवर कुणाचं मरण मनात आणलं नाही. त्या संध्याकाळी विरामचिन्हांचं आणलं. मी डोळे मिटून आपल्या गावच्या कोरड्या नदीचा विचार करायला लागले, पण नेमका तिला पूर आलेलाच आठवला. स्वल्पविराम राहिला. मग कुणीतरी मागणी केली की मत हात वर करून नको, एकेकाचं नाव पुकारून घ्या. नावं पन्नास, आणि जी माणसं घरी गेली त्यांचीही पुकारायची, वाट पाहायची, आणि गैरहजर म्हणायचं, हा नियम. माझं आडनाव आल्मोन्ते, म्हणून मी पहिल्याच फटक्यात "हजर, मत नाही" म्हणून मोकळी झाले. मोकळी कुठली. त्यानंतर सगळी मुळाक्षरं बाकी होती. दर नावाला मी मनात बाबांना म्हणत होते, बाबा, तुम्ही थंडीत त्या इस्पितळाच्या दारात उभे राहिलात, मला एवढं बसवून घ्या. आणि खरं सांगते फाउस्तो, मध्ये कुठेतरी तो त्रास मला कळेनासा झाला. मी ठाण मांडून बसले होते आणि मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं पार्किंगवर बोलले, त्यापेक्षा त्या गप्प बसण्याला जास्त वजन आहे असं मला पहिल्यांदा वाटलं.

ठराव झाला. विरोधात एकच मत, तेही ज्याने दिलं त्याला कळलं नाही कशावर देतोय. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. मी उभी राहिले आणि धावले, या गुडघ्यांनी. पुढे जे झालं ते राधामेसला माहीत नाही, पण उद्या ते सगळ्या वस्तीला माहीत असेल, म्हणून मीच सांगून टाकते. ती शाळा लहान मुलांची. तिथली स्वच्छतागृहंही त्यांच्याच मापाची, म्हणजे जमिनीपासून वीतभर. मी बसले ती बसलेच. उठताच येईना. सगळा मान त्या संध्याकाळी मिळवलेला, आणि मी तिथे दार बडवत बसलेले. शेवटी नोएमी आली. तिने आणि मटणवाल्याच्या बायकोने दोन बाजूंनी धरून मला वर ओढलं. नोएमी हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "मावशी, काय घर आहे तुमचं. भाऊ आम्हाला बसू देत नाही आणि बहीण एकदा बसली की उठत नाही." मी म्हटलं, "बाई गं, आमच्या बाबांनी दोघांना अर्धं अर्धं वाटून दिलं." मग ती एकाएकी रडायला लागली. मीही रडले. कुणाला काही सांगू नका असं तिने सांगितलं, म्हणून तुलाच सांगते.

ठरावाला काही बळ नाही हे मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. त्याची प्रत तुला टपालाने येईल, पिटमनसाहेबांनी स्वतः पाकीट चिकटवलंय आणि टपाल कसं लागतं हे त्यांना शिकवायला नको. तू ती फाडशील. फाड. डॉनेलीबाई तुला सांगेल की असल्या कागदांनी काही होत नाही. तिला विचार, काही होत नव्हतं तर ती दारात इतका वेळ कोट घालून घामाघूम का उभी होती. लोक मला विचारतात, सख्ख्या भावाविरुद्ध कशी बसलीस? मी सांगते, विरुद्ध नाही बसले. मी तिथे आधीपासून बसले होते, तो आम्हाला सोडून गेला. मला काही दिलगिरी वाटत नाही. पुढच्या महिन्यातही माझी मुदत आहे, त्याच्या पुढच्याही महिन्यात आहे, आणि पिटमनसाहेब म्हणतात की जेवणघरात एक मोठ्या माणसांची खुर्ची माझ्यासाठी ठेवणार आहेत. इवेतला प्रेम सांग. कंबरेला गरम मिठाची पुरचुंडी लावायला सांग, त्या महागड्या मलमांनी काही होत नाही.

तुझी, मत नसलेली पण मोजली गेलेली,
थोरली बहीण कासिल्दा

ता. क. ठरावात तुझ्या नावाचं शुद्धलेखन मी स्वतः तपासलं आहे. त्या बाबतीत तुझ्यावर अन्याय झालेला नाही.

ता. क. २. ताकाला जाऊन भांडं लपवणार नाही. वर इतकं तावातावाने लिहिलं, पण फोन मी रात्री उशाशी घेऊन झोपते, तू लावशील म्हणून. मला तुझ्याकडून माफी नको आणि तुझं सरबतही नको. मतदानाच्या आधी नोएमीला कामावर घे. चार कॅशवर चार उंच स्टूल ठेव. मग ये आणि त्यांच्यासमोर बसून बोल. माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल आहे, त्याला माणसांच्या मापाच्या खुर्च्या आहेत, सगळ्यांसाठी मी जेवण करीन. युनियन झाली तर काय आभाळ कोसळतं? बाबांच्या वेळी कोसळलं नव्हतं.

ता. क. ३. हे तुला जमणार नसेल तर ऐकून ठेव. शनिवारी दुकान उघडायच्या वेळेला सगळी पाळी बाहेर पदपथावर असणार, भांडी आणि पळ्या घेऊन, आणि मी शटरच्या बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसणार. खुर्ची तुझ्याच दुकानातली आहे, मागच्या गोदामातली, घडीची. मी मागितली नव्हती. राधामेस स्वतः काल घेऊन आला, उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, पाय मलाही आहेत." शटर उघडायला आता तो येणार नाही, तेव्हा तुलाच विमानाने यावं लागेल. ये. बुधवारी फोनवर सहज म्हणालास. शनिवारी सगळ्या वस्तीसमोर, माझ्या तोंडाकडे पाहून म्हण: ताई, ऊठ.